टँकरच्या पाठीवरचा आकडा

मुलांनो, बोईसर-तारापूरकडच्या मुलांना टँकरचं काय कौतुक? मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून चिल्हार फाट्याला वळायचं आणि बोईसरच्या एमआयडीसीकडे निघायचं, अशी टँकरची रांग तुम्ही रोज बघता. काही पाण्याचे असतात, काही डिझेलचे. आणि बाकीचे? त्यांच्या पोटात काय असतं, हे कधी वाचलंय का? नाही, ‘हॉर्न ओके प्लीज’ मी म्हणत नाही! त्याच्या शेजारी एक चौकोनी पाटी असते, ती. तिच्यावर तिरक्या चौकोनात एखादं चित्र असतं आणि एक चार आकडी नंबर असतो.

आज आपण ती पाटी वाचायला शिकू या. सोबत एका तापट रसायनाची ओळखही करून घेऊ. पालघर, डहाणू, वसई किंवा पार सोलापूर-नागपुरात राहणाऱ्यांनीही पान उलटू नका बरं का! टँकर सगळीकडे जातात, आणि यातली निम्मी गोष्ट तर तुमच्या न्हाणीघरातलीच आहे.

रसायनांचा हजेरी क्रमांक

वर्गात दोन सचिन असले की बाई काय करतात? हजेरी क्रमांक पुकारतात. रसायनांचंही तसंच आहे. एकाच रसायनाला कुणी गंधकाम्ल म्हणतो, कुणी सल्फ्युरिक ॲसिड, कुणी तेजाब. टँकर गुजरातहून निघाला, चालक उत्तर प्रदेशचा आणि अपघात झाला महाराष्ट्रात, तर अग्निशमन दलाने कुणाचं नाव धरायचं? म्हणून साऱ्या जगात एकच चार आकडी क्रमांक ठरलेला आहे. त्याला ‘यूएन नंबर’ म्हणतात. यूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ.

आपल्या देशात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक माल नेणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे ही पाटी लावावीच लागते. तिच्यावर रसायनाचं नाव, यूएन नंबर, धोक्याचं चित्र आणि अडचणीच्या वेळी फोन करायचे नंबर असतात. काही नंबर पाठच करून टाका :

१२०३ – पेट्रोल
१२०२ – डिझेल
१००५ – अमोनिया वायू
१०१७ – क्लोरीन वायू
१७८९ – हायड्रोक्लोरिक आम्ल
१८३० – सल्फ्युरिक आम्ल
१८३१ – ओलियम

चित्रंही सोपी आहेत. ज्वाला म्हणजे पेट घेणारं. कवटी आणि दोन हाडं म्हणजे विषारी. दोन परीक्षानळ्यांतून थेंब पडतायत, एक हातावर आणि एक धातूच्या पट्टीवर, आणि दोन्ही झिजतायत, असं चित्र असेल तर ‘क्षरणकारी’, म्हणजे खाऊन टाकणारं रसायन. कधी पाटीवर आकडा आणि इंग्रजी अक्षरांचा एक छोटा संकेतही असतो. तो अग्निशमन दलासाठी आहे. पण त्यातलं एक अक्षर तुम्हीही ओळखा. शेवटी ‘ई’ असेल, तर गळती झाल्यास आसपासच्या लोकांना हलवण्याचा विचार करावा लागतो.

एक अट मात्र आहे. पाटी वाचायची ती रस्त्याच्या कडेला, लांब उभं राहून. टँकरजवळ जाऊन नाही!

तहानलेलं आम्ल

आता यादीतला १८३० घेऊ. सल्फ्युरिक आम्ल, म्हणजे आपलं गंधकाम्ल. दिसायला साधं, तेलासारखं दाट. पण तीव्र आम्लाची एक लीटरची बाटली उचलाल तर दचकाल. पाण्याचं एक लीटर एक किलो भरतं, याचं भरतं जवळजवळ १ किलो ८४० ग्रॅम. हे नसेल तर शेताला सुपर फॉस्फेट खत मिळणार नाही आणि कपड्यांचे कितीतरी रंगही बनणार नाहीत. मोटारीच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत जे ‘पाणी’ असतं ना, तेही पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक आम्लच असतं. तेव्हा ते वाईट आहे असं नाही. पण त्याला दोन खोडी आहेत.

पहिली खोड म्हणजे तहान. पाणी दिसलं की ते ओढून घ्यायचं! साखरेवर तीव्र आम्ल ओतलं तर साखर आधी पिवळी, मग तपकिरी होते आणि शेवटी काळाकुट्ट कोळसा फुगून वर येतो. (हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत सरांनी करायचा आणि आपण लांबून बघायचा. घरी मुळीच नाही.) साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने आम्लाने ओढून घेतले, मागे राहिला कार्बन. साखरेचं होतं तेच लाकडाचं, सुती कापडाचं होतं. आणि आपल्या कातडीतही पाणी असतंच की.

दुसरी खोड म्हणजे राग. पाणी पिताना हे आम्ल भयंकर तापतं. कढईत तेल कडकडीत तापलेलं असताना पाण्याचा एक थेंब पडला तर काय होतं? तडतड उडून हाताला चटका बसतो. आम्लात थोडं पाणी टाकलं तर तसंच होतं. ते थोडं पाणी क्षणात उकळतं आणि आम्लाला घेऊन वर उसळतं. म्हणून रसायनशास्त्राच्या पुस्तकात नियम असतो : आम्ल पाण्यात घालावं, हळूहळू, ढवळत, पाणी आम्लात कधीही घालू नये. आम्ल जड असल्यामुळे पाण्यात खाली जातं, आणि उष्णता भरपूर पाण्यात पसरून जाते.

गंमत बघा, तीव्र आम्ल लोखंडाच्या टँकरमधून खुशाल नेतात. त्याच्यामुळे लोखंडावर आतून एक थर बसतो आणि तोच पुढची झीज अडवतो. पण त्याच आम्लात थोडं पाणी शिरलं की ते लोखंड खायला लागतं, आणि वर हायड्रोजन हा पेट घेणारा वायू सोडतं. म्हणजे ‘थोडं पाणी’ हा या आम्लाचा सगळ्यात वाईट सोबती. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

१८३१ : धूर सोडणारा थोरला भाऊ

गंधकाम्ल बनवतात कसं? गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड वायू, त्यापासून सल्फर ट्रायऑक्साइड, आणि त्यात पाणी मिसळलं की झालं गंधकाम्ल. ऐकायला सोपं आहे! पण सल्फर ट्रायऑक्साइड थेट पाण्यात सोडला तर आम्लाच्या बारीक थेंबांचं दाट धुकं होतं आणि ते खाली बसतच नाही. म्हणून कारखान्यात तो आधी तीव्र गंधकाम्लातच विरघळवतात. त्यातून जे तयार होतं, ते ओलियम. मग त्यात बेताबेताने पाणी मिळवतात. या पद्धतीचं पेटंट इंग्लंडमधल्या पेरेग्रीन फिलिप्स नावाच्या व्हिनेगरच्या व्यापाऱ्याने १८३१ साली घेतलं. ओलियमचा यूएन नंबरही १८३१! हा निव्वळ योगायोग आहे, पण आकडा पाठ करायला किती सोयीचा!

ओलियम रंगाच्या आणि धुण्याच्या पावडरीच्या उद्योगात लागतं. त्याच्या टँकरवर दोन चित्रं असतात : झिजणारा हात आणि कवटी. कारण ते सांडलं की नुसतं जमिनीवर पडून राहत नाही. त्यातला सल्फर ट्रायऑक्साइड बाहेर निघतो, हवेतल्या ओलाव्याला भेटतो, आणि पांढरं धुकं तयार होतं. आपल्या किनाऱ्याच्या हवेत ओलावा काय कमी आहे? त्या धुक्याचा प्रत्येक कण म्हणजे गंधकाम्लाचा थेंब. डोळे चुरचुरतात, घसा जळतो, खोकला थांबत नाही. जास्त प्रमाणात छातीत गेलं तर फुप्फुसांत पाणी भरू शकतं, तेही कधी कधी काही तासांनी. म्हणून अशा धुक्यात सापडलेल्या माणसाने ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी जाऊन झोपायचं नाही. डॉक्टरांकडे जायचंच.

दिल्लीत काय झालं?

भोपाळची वायुदुर्घटना तुम्ही ऐकली असेल. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती काळरात्र. तिला नुकतंच एक वर्ष झालं होतं. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत, भर वस्तीतल्या श्रीराम कारखान्यात ओलियमची टाकी ज्या सांगाड्यावर उभी होती तो सांगाडाच कोसळला. टाकी फुटली, वायू पसरला. तीस हजारी न्यायालयात वकिली करणारे एक गृहस्थ दगावले आणि अनेकांना त्रास झाला.

खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश होते पी. एन. भगवती. २० डिसेंबर १९८६ रोजी न्यायालयाने सांगितलं, की जो धोकादायक उद्योग चालवतो, त्याच्यामुळे कुणाला इजा झाली तर भरपाई त्यानेच द्यायची. ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती’ ही सबब चालणार नाही. पुढे १९८९ साली धोकादायक रसायनांचे नियम आले. मोठ्या अपघाताची शक्यता असेल तर आजूबाजूच्या लोकांना धोका काय आणि त्या वेळी काय करायचं, याची माहिती आधीच द्यायला हवी, असं त्या नियमांत आहे. म्हणजे मुलांनो, ‘इथे काय बनतं आणि काही झालं तर आम्ही काय करायचं?’ असं विचारणं हा चोंबडेपणा नाही. तो आपला हक्क आहे.

आपल्या भागातही दुःखाचे दिवस येऊन गेलेत. ११ जानेवारी २०२० रोजी कोलवड्याच्या एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जीव गेले. २१ ऑगस्ट २०२५ रोजी बोईसरच्या एका औषध कंपनीत नायट्रोजनची गळती होऊन चार कामगार गेले. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आई-बाबा, काका-मामा तिथेच तीन पाळ्यांत कामाला जातात. सायरन वाजला की घराघरांतून कुणीतरी दारात येऊन उभं राहतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

‘मग बाई, कंपन्या बंदच का करत नाहीत?’ असं एकाने वर्गात विचारलं होतं. त्याच्या शेजारचा लगेच म्हणाला, ‘मग माझे बाबा कुठे जातील?’ दोघांचंही म्हणणं खरं आहे. कंपन्या सुरक्षित ठेवायचं काम मालकांचं, अधिकाऱ्यांचं आणि सरकारचं. ते त्यांनी करायलाच हवं. पण अपघात झाल्यावर मदत येईपर्यंतची पहिली काही मिनिटं आपली असतात. त्या मिनिटांसाठी दोन गोष्टी शिकून ठेवू : वारा आणि पाणी.

पहिली गोष्ट : वारा

वायूचा ढग वाऱ्याबरोबर चालतो. आधी वारा कुठून येतोय ते बघा. शाळेचा झेंडा, दोरीवरचे कपडे, ताडाची झावळी, चिमणीचा धूर, काहीही चालेल. आपल्याकडे दिवसा वारा बहुतेक वेळा पश्चिमेच्या समुद्राकडून येतो आणि रात्री उलट जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. पण पुस्तकातला वारा आणि आजचा वारा वेगळा असू शकतो. म्हणून दर वेळी डोळ्यांनी बघायचं.

मग पळायचं कुठे? ओढ्याला लोंढा आला तर आपण लोंढ्याच्या पुढे धावतो का? नाही, बाजूला होऊन काठावर चढतो. तसंच करायचं. वाऱ्याला आडवं, म्हणजे वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असेल तर उत्तरेला किंवा दक्षिणेला. ढगात शिरायचं नाही. नाकातोंडावर ओला रुमाल धरा. तो काही मुखवटा नव्हे, पण काही नसण्यापेक्षा बरा.

घरात असाल तर घरातच थांबा. दारं-खिडक्या बंद, पंखा आणि एक्झॉस्ट बंद, फटींना ओले टॉवेल. पोलीस किंवा अग्निशमन दल सांगेल तेव्हाच बाहेर. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो आणि ओलियमचं धुकंही जमिनीलगत रेंगाळतं. म्हणून नाल्यात, खड्ड्यात लपायचं नाही. वरचा मजला असेल तर तिथे जा. आगीच्या धुरात आपण खाली वाकून सरपटतो ना? इथे त्याच्या उलट.

आणि वासावर भरवसा ठेवू नका. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेचे पाचांतले जवळजवळ चार भाग नायट्रोजनच असतो. पण बंद जागेत तोच भरला की प्राणवायूला जागा उरत नाही, आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तोही पडतो. म्हणून बंद टाकीत, गटाराच्या खड्ड्यात, जुन्या विहिरीत कुणी बेशुद्ध पडलेलं दिसलं तर आत उतरायचं नाही. ओरडायचं, मोठ्यांना बोलवायचं आणि ११२ ला फोन करायचा.

दुसरी गोष्ट : पाणी

आता एक हुशार मुलगी हात वर करेल : ‘बाई, आम्लात पाणी टाकायचं नाही म्हणालात. मग अंगावर आम्ल उडालं तर पाणी कसं ओतायचं?’ शाबास, हाच प्रश्न हवा होता! मघाचे शब्द आठवा : *थोडं* पाणी. थोडं पाणी तापतं आणि उसळतं. पण नळाखाली धरलेलं भरपूर, वाहतं पाणी उष्णताही वाहून नेतं आणि आम्लही. म्हणून ओल्या फडक्याने पुसत बसू नका. सरळ नळ, बादली, पाइप, मिळेल ते भरपूर पाणी, आणि तेही लगेच.

किती वेळ? निदान वीस मिनिटं. म्हणजे शाळेच्या एका तासिकेच्या निम्म्याहून जास्त! पाणी चालू असतानाच आम्ल उडालेले कपडे काढा, लाजायचं नाही. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवा. मान अशी कलती ठेवा, की धुतलेलं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. मग थेट दवाखान्यात.

हळद, तूप, टूथपेस्ट, चुना यांतलं काहीही लावायचं नाही. ‘आम्लावर सोडा टाकला की ते शांत होतं’ हे पुस्तकात खरं आहे. पण कातडीवर तसं करताना आणखी उष्णता निघते आणि वेळही जातो. कुणी चुकून आम्ल प्यायलं तर उलटी करायला लावू नका. जाताना जे घसा जाळत गेलं, ते येतानाही जाळत येईल.

आणि रस्त्यावर आम्ल किंवा ओलियम सांडलेलं दिसलं तर त्यावर पाणी टाकायला धावू नका. पाणी माणसावर टाकायचं, सांडलेल्या रसायनावर नाही. त्याचं काय करायचं ते जाणकार बघतील. टँकर उलटला तर तिथे गर्दी करायची नाही. फोन मात्र करा : ११२, किंवा अग्निशमन दलाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८. काय सांगायचं? जागा कुठली, किती माणसं अडकलीत, धूर कोणत्या रंगाचा, वारा कुठे वाहतोय. आणि लांबूनच नंबर दिसला असेल तर तो चार आकडी नंबर! नंबर सांगणारं एक मूल अग्निशमन दलाचा किती वेळ वाचवू शकतं, विचार करा.

आई-बाबांसाठी थोडंसं

हा भाग पालकांनी वाचावा, किंवा मुलांनी त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा.

संडास साफ करायचं ॲसिड थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. उन्हातून खेळून आलेलं मूल झाकण उघडून तोंडाला लावायला एक क्षणही लागत नाही. मूळ बाटलीत, चिठ्ठीसह, उंचावर, कुलपात ठेवा. ॲसिड आणायला मुलांना दुकानात पाठवू नका. अठरा वर्षांखालच्यांना ते विकायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा आदेश आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकून न्हाणीघर धुऊ नका. त्यातून क्लोरीन निघतो, यादीतला तोच १०१७.

भंगारवाल्याकडून स्वस्तात निळं पिंप आणून त्यात प्यायचं पाणी भरण्याआधी विचारा, आधी त्यात काय होतं? पिंपावर झिजणारा हात किंवा कवटी असेल तर ते पिंप पाण्यासाठी नाही. कितीही वेळा धुतलं तरी नाही. कंपनीतले कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नका. आणि बाबा, आई, तुम्हाला मिळालेले गॉगल, हातमोजे, गमबूट उकाड्यात नकोसे होतात हे खरं. पण घरी कुणीतरी वाट बघत असतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. चार दिवस सकाळी आणि संध्याकाळी वारा कुठून येतो ते बघून वहीत लिहा. कशावरून ओळखलं तेही लिहा.

२. घरातल्या ॲसिड, फिनेल, ब्लीचिंगच्या बाटल्या कुठे आहेत ते मोठ्या माणसाला बरोबर घेऊन बघा. तुम्ही हात लावू नका. जागा बदलायला त्यांना सांगा.

३. घरातलं कुणी कंपनीत जात असेल तर विचारा : ‘तुमच्या कामाच्या जागेपासून अंग धुवायचा सेफ्टी शॉवर किती पावलांवर आहे? त्याला पाणी येतं का?’ उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं तर म्हणा, ‘उद्या बघून या आणि मला सांगा!’

तिसरा प्रश्न सोडू नका बरं का. मोठ्यांनाही कधी कधी गृहपाठ द्यावा लागतो.

तुमची वाऱ्याची वही कशी झाली ते पत्राने जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!